आतड्यांची शस्त्रक्रिया : टाक्यापासून आधारापर्यंत

आतड्यावरील मोठी शस्त्रक्रिया हा शल्यविद्येच्या इतिहासातील एक बिकट अध्याय होय. आतड्याचा सांधा सुटला तर मळ उदरपोकळीत पसरून रोग्याच्या प्राणावर बेतते. त्यामुळे आतडे सांधावे कसे, याचीच चिंता शल्यवैद्यांना शतकानुशतके होती. वाचलेल्या रोग्याने पुढे जगावे कसे, या प्रश्नाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पोट छेदून आतड्यातील अडथळा काढण्याचा व छिद्र पडल्यास काळ्या मुंग्यांच्या दंशाने ते सांधण्याचा विधी वर्णिला आहे. त्याचबरोबर रोग्यास केवळ दुधावर ठेवण्याचे पथ्यही सांगितले आहे.

युरोपात १८२६ साली पॅरिसच्या आंत्वान लाँबेर यांनी आतड्याची बाह्य आवरणे परस्परांस भिडवून शिवण्याची पद्धत मांडली. १८४६ मध्ये ईथरची भूल आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती आल्यावर शल्यवैद्यांस पोट उघडण्याचे धैर्य आले. १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगावरील मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत गुदाशय व गुदद्वार काढून मलविसर्जनासाठी पोटावर कायमचा मार्ग, म्हणजे स्टोमा, करावा लागे.

प्राण वाचला, पण गळती, दुर्गंधी, सोलवटलेली त्वचा आणि लोकलज्जा यांनी अनेकांचे जगणे घरातच कोंडले. लहान आतड्याचा स्टोमा असणाऱ्यांचे हाल अधिक असत. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचे टोक उलटे दुमडून त्वचेस शिवण्याची सोपी युक्ती मांडली आणि त्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला.

यापुढील पाऊल एका रुग्णेनेच टाकले. अमेरिकेतील नॉर्मा गिल यांना मोठ्या आतड्याच्या व्रणांच्या दीर्घ विकारामुळे स्टोमा करावा लागला होता. त्यांचे शल्यविशारद डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशाच रुग्णांच्या साहाय्यासाठी त्यांची नेमणूक केली. पिशवी कशी लावावी, त्वचा कशी जपावी, हे त्या स्वानुभवाने शिकवीत. १९६१ मध्ये तेथे या सेवेचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे ते अनेक देशांत पोहोचले.

१९९० च्या दशकात डेन्मार्कचे डॉ. हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या जुन्या रीतींचा फेरविचार केला. दीर्घ उपवास व अंथरुणात पडून राहणे यांऐवजी वेदना आटोक्यात ठेवून लवकर अन्न देणे आणि लवकर चालविणे, यांमुळे रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी दाखवून दिले. आज अनेक रुग्णालयांत हीच दिशा स्वीकारली जाते.

शल्यवैद्याचा टाका आतडे सांधतो. रुग्णास पुन्हा माणसांत आणतो तो आप्तांचा आधार. स्टोमा असलेली व्यक्ती काम, प्रवास, संसार सर्व करू शकते. ती पंगतीत येऊन बसली असता तिला संकोच वाटू न देणे, ही रुग्णसेवाच होय. आणि तिला कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.