घरगुती जलोद्यान

काचेच्या टाकीत मुळे धरून वाढणाऱ्या पाणवनस्पतींची बाग आणि त्या बागेच्या आधाराने जगणारे मासे, कोळंबी व गोगलगायी. शौकीन मंडळी तिला ‘प्लांटेड टँक’ म्हणतात, तर तिच्या मांडणीच्या कलेला ‘अ‍ॅक्वास्केपिंग’. नेहमीच्या मत्स्यालयात मान माशांचा असतो आणि हिरवळ शोभेपुरती असते. येथे आधी झाडे जगवायची. ती जोमाने वाढू लागली की माशांची निम्मी काळजी मिटते.

खोलीच्या मापाने बांधून घेतलेल्या, ५०० लिटरच्या पुढच्या टाक्या प्रस्तुत नोंदीत मोठ्या मानल्या आहेत. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला सर्रास मिळतो. बांधणी आणि खर्चापुरता तो खरा आहे, पाण्यापुरता नाही. पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान, आम्लता आणि अमोनियाचे प्रमाण सावकाश बदलते आणि बिघाड सावरायला वेळ मिळतो.

इतिहास : लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे एक लहानसा प्रयोग मांडला. सुमारे ५५ लिटरच्या भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली होती. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी निवळले. वनस्पती, मासे आणि सफाई करणारे जीव यांचा मेळ बसला तर बंद भांड्यातही जीवन टिकते, ही या छंदाची पायाभूत कल्पना तेथून आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडात घरोघरी टाक्या दिसू लागल्या.

विसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये टाकीची खऱ्या अर्थाने बाग झाली. डच शैलीत दगड-लाकूड जवळजवळ नसते. रंग, पानांचा आकार आणि उंची यांचा विरोध साधत झाडांचे गट लावतात. समोरून मागे तिरकी चढत जाणारी रोपांची वाट ही तिची खूण, आणि ती लायडन शहराच्या नावाने ओळखली जाते. जर्मनीत १९८० च्या दशकात कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी मोजमापावर भर देणारी पद्धत रूढ केली. तिच्यात तळाला लॅटेराइट माती आणि तिच्याखाली गरम होणारी केबल असे. केबलचा वनस्पतींना नेमका किती लाभ होतो यावर पुढे मतभेद झाले आणि ती मागे पडली.



ताकाशी अमानो (१९५४–२०१५) : आजच्या घरगुती जलोद्यानावर सर्वाधिक छाप या जपानी छायाचित्रकाराची आहे. नीगाता येथे जन्मलेले अमानो तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होते. शर्यतीच्या कमाईतून त्यांनी मोठ्या आकाराच्या फिल्मचे कॅमेरे घेतले आणि अ‍ॅमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिका येथील वर्षावनांची छायाचित्रे काढली. १९८२ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्वा डिझाइन अमानो’ ही कंपनी स्थापन केली. १९९० च्या दशकातील ‘नेचर अ‍ॅक्वेरियम वर्ल्ड’ या त्यांच्या पुस्तकाने जगभरच्या शौकिनांची नजरच बदलली. टाकीकडे भांडे म्हणून न पाहता भूदृश्य म्हणून पाहायचे, डोंगरउतार, पडलेले झाड, गवताळ पठार यांचे बारकावे अभ्यासून मगच दगड ठेवायचा, ही शिस्त त्यांची.

‘इवागुमी’ ही त्यांनी लोकप्रिय केलेली दगडांची रचना. दगड विषम संख्येत घेतात. त्यांतला सर्वांत मोठा मधोमध न ठेवता एका अंगाला, लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंचित झुकवून बसवतात. बाकीचे त्याच्या ओघाने येतात. सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला वाहाव्यात, जणू एकाच प्रवाहाने त्यांना घासले आहे, असा आग्रह असतो. पायथ्याशी बुटक्या रोपांचा गालिचा. शेवाळ आटोक्यात ठेवण्यासाठी अमानो यांनी वापरलेली गोड्या पाण्यातील कोळंबी (कॅरिडिना मल्टिडेंटाटा) आज त्यांच्याच नावाने विकली जाते.

त्यांच्या राहत्या घरातील टाकी ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर उंच होती. घरगुती जलोद्यान किती मोठे असू शकते याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. वनस्पतींच्या मांडणीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झाली. लिस्बनच्या सागरी मत्स्यालयातील ‘बुडालेली वने’ हे त्यांचे अखेरचे मोठे काम : ४० मीटर लांबी, १,६०,००० लिटर पाणी. ते २०१५ च्या वसंतात खुले झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमानो यांचे निधन झाले.

जागा व भार : १८० × ६० × ६० सेंमी. ही शौकिनांच्या परिचयाची मोठी टाकी. तिच्यात काठोकाठ ६४८ लिटर पाणी मावते. १२ मिमी. काच धरली तर काचेचेच वजन सुमारे १२० किलो. माती, दगड आणि स्टँड मिळवल्यावर एकूण भार ८५० किलोच्या पुढे जातो, आणि तोही जेमतेम एक चौरस मीटर जागेवर. भारतीय मानक ८७५ मध्ये राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो इतका वापराचा भार धरलेला आहे. हा आकडा समान पसरलेल्या भाराचा असल्यामुळे दोहोंची थेट तुलना करता येत नाही. तरीही वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टाकी बसवण्याआधी इमारतीचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवणे अत्यावश्यक आहे. टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमलगत, शक्यतो बीमच्या आडव्या दिशेने ठेवतात.

स्टँड लोखंडी अँगलचे किंवा चौकोनी पाइपचे. वर मरीन प्लाय आणि त्यावर थर्माकोल अथवा फोमचा थर, म्हणजे बारीक खाचखळग्यांचा ताण काचेवर येत नाही. पाणसळ लावून समतल तपासल्याशिवाय टाकी चढवू नये. विजेच्या सर्व जोडण्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) हव्यात. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

काच : काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, टाकीच्या रुंदीवर नाही. वरील मापाच्या टाकीत पुढच्या काचेवर एकूण ३२० किलो वजनाइतका जोर पडतो. उंची दुप्पट केली तर तो चौपट होतो. म्हणून मोठी टाकी लांब-रुंद करावी, फार उंच करू नये. साठ सेंटिमीटरपलीकडे तळाला प्रकाश पुरवणेही अवघड होते आणि रोप लावायला हात पोहोचत नाही. कारागिराकडून बांधून घेतलेली टाकी सिलिकॉन पुरते वाळल्यावर भरून एक-दोन दिवस तशीच ठेवतात, माती-दगड त्यानंतर.

तळमाती व दगड : भाजलेल्या ज्वालामुखी मातीचे दाणे (‘अ‍ॅक्वा सॉइल’) सध्या सर्वाधिक वापरात आहेत. ते पाणी मऊ व किंचित आम्ल करतात, पण सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतात. डायना वॉलस्टॅड यांच्या १९९९ मधील पुस्तकाने बागेतील साधी माती व वर वाळूचा थर ही स्वस्त पद्धत पुढे आणली. तिच्यात प्रकाश बेताचा, वरून खत जवळजवळ नाही आणि पाणी बदलणेही क्वचित. मोठ्या टाकीत ती कितपत चालते याबद्दल अनुभव वेगवेगळे आहेत.

महाराष्ट्रातील शौकिनाला दगड दूरून आणण्याची गरज नाही. दख्खनचा काळा बेसाल्ट पाण्याची कठीणता सहसा वाढवत नाही आणि त्याचे कंगोरे इवागुमीला शोभतात. चुनखडी मात्र टाळावी. दगडावर व्हिनेगर टाकल्यास फेस आला तर तो बाद. जर्मन पद्धतीतील लॅटेराइट म्हणजे कोकणात घरांच्या भिंतींना लागतो तो जांभा. त्यातील लोह मुळांना किती मिळते हा प्रश्न वादाचा आहे.

प्रकाश, वायू व खत : दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. टायमर लावणे हिताचे, कारण अनियमित प्रकाश शेवाळाला मानवतो.

हवेपेक्षा पाण्यात वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणूनच दाट लागवडीला कार्बन डायऑक्साइड बाहेरून द्यावा लागतो. सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि डिफ्यूझर असा त्याचा संच असतो. दिवे लागण्यापूर्वी तास-दोन तास वायू सुरू करतात आणि रात्री बंद ठेवतात. लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपासचे प्रमाण सामान्यतः योग्य मानतात. टाकीत लटकवलेल्या ‘ड्रॉप चेकर’मधील द्रावण तेव्हा हिरवे दिसते, निळे असल्यास वायू कमी, पिवळे असल्यास जास्त. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर रंगाची वाट न पाहता वायू बंद करावा. एक धोका आपल्याकडच्या उन्हाळ्याचा. ३१ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात राहू शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भ-मराठवाड्यात म्हणून काठोकाठ भरलेला सिलिंडर घेऊ नये, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नये.

खतांत पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट आणि लोहासह सूक्ष्म द्रव्ये येतात. फॉस्फेट तुटपुंजे ठेवले की शेवाळ थांबते, असे पॉल सिअर्स व केव्हिन कॉन्लिन यांनी १९९६ मध्ये मांडले. टॉम बार यांनी उलट भरपूर खत आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलणे ही पद्धत रूढ केली. दोन्ही पंथांच्या टाक्या उत्तम चाललेल्या आढळतात.

पाणी : मुंबई-पुण्याचे धरणाचे पाणी मऊ असते आणि बहुतेक वनस्पतींना मानवते, बोअरवेलचे व टँकरचे पाणी बहुधा कठीण असते, त्यात आरओचे पाणी मिसळावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने जाते.

टाकी मुरणे : नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिले जाई. मत्स्यालयांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, असे १९९८ मध्ये दिसून आले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटेच पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. झाडे अमोनिया थेट शोषतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी दाट लागवड केल्यास हा काळ सुसह्य होतो. पैसे थोडे असतील तर ते माशांवर न घालता रोपांवर घालावेत.

मासे : टाकी मुरल्यावर, थोडेथोडे, थव्याने राहणारे लहान मासे उत्तम.

निगा : आठवड्याला पाणीबदल, छाटणी, काच पुसणे. उन्हाळ्यात पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरते.

सह्याद्रीतील वनस्पती : या छंदातील कित्येक प्रसिद्ध झाडे भारतीय ओढ्या-तळ्यांतली आहेत. ब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी) युरोपातल्या दुकानांत कुंडीत विकली जाते. कोकण-गोव्याच्या नद्यांत क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिसचे पट्टे असतात. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा तर महाराष्ट्राच्या किनारपट्टीपुरतीच मर्यादित आहे. कास पठारावरचा वायतुरा (अ‍ॅपोनोजेटन सातारेन्सिस) १९८२ मध्ये नव्या जातीच्या रूपाने नोंदला गेला. पाऊस संपला की त्याची पाने वाळतात आणि कंद जमिनीत टिकून राहतो.

शेवटच्या दोन वनस्पतींचे अधिवास इतके तोकडे आहेत की एकही रोप तेथून उपटू नये. त्यांची जागा ऊतिसंवर्धनाच्या बाटलीत आहे. डेन्मार्क, सिंगापूरहून येणाऱ्या रोपांइतके लक्ष आपल्या रोपवाटिकांनी या जातींना दिले, तर त्यांची रोपे शौकिनांना मिळतील आणि निसर्गातल्या उरल्यासुरल्या जागांवर ताण येणार नाही.

उलट्या दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. दक्षिण अमेरिकेतली कॅबोम्बा फरकाटा ही मत्स्यालयांतली वनस्पती. २०२० मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातील पेरांब्राजवळचा एक जलप्रवाह तिच्या गुलाबी फुलांनी भरून गेला. ती पाहायला गर्दी लोटली, तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती स्थानिक पाणवनस्पतींना गुदमरवते असा इशारा दिला. मोठ्या टाकीच्या छाटणीतून दर आठवड्याला बादलीभर फांद्या निघतात आणि त्यांतली बहुतेक पेरे पाण्यात पुन्हा मूळ धरू शकतात. ती नदी, विहीर किंवा नाल्यात टाकू नयेत. उन्हात कडकडीत वाळवून खतात घालावीत.