परदेशी जीप आणि दुष्काळी डिझेल : एका बदलाचा इतिहास

मागे उभं राहू नका, पुढे जागा आहे, या.

मघाशी आत येताना एका गृहस्थांनी मला दारातच गाठलं. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची जीप आहे. मूळची अमेरिकी, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. आज तिच्यात डिझेल इंजिन आहे. पुण्याचा एक शौकीन माणूस ती विकत घ्यायला तयार आहे, पण त्याची अट अशी, की हे डिझेलचं जुगाड काढा, मूळचं पेट्रोल इंजिन शोधून बसवा, मग बोलू. तर या गृहस्थांनी विचारलं, "सर, काढून टाकू का इंजिन?" मी म्हटलं, दादा, आत बसा, शेवटी सांगतो. आजचं माझं बोलणं हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, असंच समजा.

आधी ही गाडी आली कुठून ते बघू. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच. इंजिन २१९९ सीसीचं, पेट्रोलचं, ६० अश्वशक्तीचं. वायरिंग ६ व्होल्टचं. आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे. एक ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा, दुसरा ओढला की गाडी ‘लो’मध्ये जायची, म्हणजे वेग कमी आणि ताकद दुप्पट. युद्ध संपलं, आणि भारतात पडून राहिलेला लष्करी माल लिलावात निघाला. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द आपल्या घराघरांत आला तो तेव्हापासून.

नगरला तर लष्करी गाड्यांचं नवल कधीच नव्हतं. १९४८ पासून चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था इथेच आहे. १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लष्करी गाडी कशी उघडतात, कशी जोडतात, हे पाहिलेली माणसं या जिल्ह्यात होती.

आता आपला मुलूख बघा. मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर. एका बाजूला कर्जत, एका बाजूला आष्टी, खाली करमाळा. म्हणजे नगर, बीड आणि सोलापूर असे तीन जिल्हे हाकेच्या अंतरावर, आणि तिन्ही पर्जन्यछायेतले. पाऊस कमी, पण तो पडला की काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतते. उन्हाळ्यात मुरमाचा फुफाटा. अशा ठिकाणी चारही चाकांनी ओढणारी गाडी म्हणजे चैन नव्हती. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. पुढे जिल्ह्यात सहकार वाढला आणि रानात पोचणारी जीप ही कार्यकर्त्याची, अधिकाऱ्याची, डॉक्टरची गाडी झाली.

पण ही गाडी परदेशी होती, आणि दुखणं तिथूनच सुरू झालं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. सुरुवातीला सुटे भाग पेटाऱ्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं, की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथे बनवायचा कार्यक्रम दाखवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. महिंद्रांनी हळूहळू भाग इथे बनवायला घेतले. त्यातच १९५७-५८ला परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर कडक बंधनं आली. मग गावाकडच्या मालकाला भाग मिळणार कुठून? कुर्ल्याच्या भंगारबाजारातून, दुसरी मेलेली जीप फोडून, नाहीतर लेथवर करून घेऊन. मूळ भाग मिळेल याची वाट बघत बसलेली गाडी झाडाखाली कुजली. ज्या चालत राहिल्या, त्या बदलत राहिल्या.

पेट्रोल सोडून डिझेल का, हा पुढचा प्रश्न. याला दोन कारणं आहेत. एक यंत्रातलं, एक पैशातलं.

यंत्रातलं असं. जीपचं पेट्रोल इंजिन आतला वायू साधारण साडेसहापट दाबायचं. युद्धात कसलंही हलकं पेट्रोल पचावं म्हणून ते तसं केलेलं होतं. डिझेल इंजिन सोळा ते बावीसपट दाबतं. जितका दाब जास्त, तितकं इंधनातून काम जास्त निघतं. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देतं, आणि चिखलात नेमका तोच जोर लागतो.

पैशातलं कारण तुम्हाला ठाऊक आहे. पेट्रोल ही श्रीमंताची वस्तू म्हणून तिच्यावर कर जास्त, डिझेल शेती-वाहतुकीचं म्हणून त्याच्यावर कमी. वर्षानुवर्षं सरकारचं धोरण हेच होतं. आणि मग ती दोन वर्षं आली. १९७२चा दुष्काळ. इथल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडलीय, तलावाच्या कामावर माती वाहिलीय. त्या वर्षाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? त्यातून माणसं सावरतात न सावरतात तोच १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत पावणेबारा डॉलरच्या घरात गेलं. घरात दाणा नाही आणि दारात पेट्रोल पिणारी गाडी! तेव्हा मालकापुढे दोनच वाटा होत्या : जीप विका, नाहीतर तिचं इंजिन बदला.

पण हे काम करणारे हात कुठले? माझ्या मते या गोष्टीतला हा सगळ्यात महत्त्वाचा दुवा आहे, आणि तो मोटारींच्या इतिहासात सापडत नाही, विहिरीवर सापडतो. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. वीज पोचण्याआधी विहिरीचं पाणी उपसलं ते या डिझेल इंजिनांनी. नोझल साफ करणं, इंजिनाने हवा धरली तर ती काढणं, रिंगा बदलणं हे गावोगावच्या फिटरना तिथेच कळलं. मग ट्रॅक्टर आले. १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ शेतात उतरला. म्हणजे जीपला डिझेल इंजिन बसवायची वेळ आली तेव्हा डिझेलची विद्या रानात आधीच रुजलेली होती. पाण्याच्या इंजिनावर शिकलेला माणूस जीपकडे वळला, एवढंच.

आता हे काम म्हणजे जुनं काढलं, नवं टाकलं, असं नसतं हं. मुळात तो हिशेब आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन वेगवेगळ्या घरांतले. मध्ये लोखंडी प्लेट करून ते जोडायचे. दोघांचे मध्य तंतोतंत जुळले पाहिजेत. कागदाच्या जाडीइतका फरक राहिला तरी क्लच प्लेट लवकर जाते, बेअरिंग ओरडायला लागतं, गिअर आपोआप सुटतो. मग वजन. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसतात. एखादा पाटा वाढवावा लागतो, आणि तो जास्त वाढवला तर गाडी गाढवासारखी उधळते. (हशा) सेल्फला ६ व्होल्ट पुरत नाहीत, वायरिंग १२ व्होल्टचं करावं लागतं. रेडिएटर मोठा लागतो. काही जुन्या जीपांचे वायपर पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे निर्वातावर चालायचे. डिझेलला ती ओढ नसते, त्यामुळे इंजिन बदललं आणि पहिल्या पावसात वायपर बंद! डिझेलला ठिणगी नसते, म्हणून चावी फिरवून ते बंद होत नाही. त्याला इंधन तोडणारी वेगळी तार ओढून घ्यावी लागते.

आणि सगळ्यात मोठा हिशेब वेगाचा. युद्धातल्या जीपच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.८८. मूळ इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत जायचं. ट्रॅक्टरचं इंजिन शेतात २००० फेऱ्यांच्या आसपास काम करतं. आता १६ इंची रिमचा जुना टायर धरा आणि गुणाकार करा. टॉपमध्ये २००० फेऱ्यांना गाडी ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास अडकते. म्हणून कुणी क्राउन-पिनियन बदलला, कुणी मोठे टायर घातले, कुणी पंपाचा गव्हर्नर वर नेला आणि इंजिनाचं आयुष्य कमी करून घेतलं. शहाण्या मालकाने म्हटलं, ५५ तर ५५. आपल्याला रानात जायचंय.

गंमत बघा, गॅरेजात हे चाललं होतं तेव्हा कारखानाही त्याच दिशेने निघाला होता. महिंद्रांनी जीपला ट्रॅक्टरच्या घराण्यातलं सुमारे २.३ लिटरचं डिझेल इंजिन दिलं. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन घेतलं. अंग अमेरिकी आराखड्याचं, काळीज ट्रॅक्टरचं नाहीतर फ्रेंच. जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा तर जपानच्या निसानच्या आराखड्यावरची, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. लिलावातून बाहेर आलेल्या कितीतरी जोंगांना लोकांनी डिझेलवर आणलं, कारण तेवढं पेट्रोल पाजणार कोण? मग ‘मूळ’ गाडी कुठली म्हणायची? अमेरिकेतून आली ती, माझगावला जुळली ती, की पन्नास वर्षं रानात राबली ती?

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण गृहस्थांचा व्यवहार तिथेच अडेल. १९३९च्या मोटार कायद्यात बदल करायला वाट होती. नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, मंजुरी घ्यायची. सध्याचा कायदा १९८८चा. त्याचं कलम ५२ सन २००० मध्ये बदलून कडक झालं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ती त्यात बसत नाही. आणि विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. नोंदणीच्या नूतनीकरणाचंही बघा. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ५ हजार रुपये आणि आयात गाडीला ४० हजार. वीस वर्षांवरच्या गाड्यांचे दर २०२५ मध्ये आणखी वाढले. म्हणजे आजोबांची गाडी ‘आयात’ की ‘इथली’, हा आता भावनेचा प्रश्न राहिला नाही, खिशाचा झाला.

विंटेजच्या नियमामागचा हेतू मला पटतो. रस्त्यावर कुणीही काहीही जोडून आणलं तर माणसं मरतील. ब्रेक जुन्या वजनाचे आणि इंजिन नवं जड, हा धोका खराच आहे. पण त्या नियमात एक समजूत दडलीय, की गाडीचा इतिहास ती कारखान्यातून निघाली त्या दिवशी संपला. आपल्या भागातल्या जीपचा इतिहास त्या दिवशी सुरू होतो. तिच्या इंजिनाच्या जोडावर १९७२चा दुष्काळ आहे, १९७३ची तेलटंचाई आहे, विहिरीवरच्या फिटरचं शिक्षण आहे. ते काढून टाकलं तर गाडी देखणी होईल, पण तिच्या अंगावरचं हे सगळं पुसलं जाईल. आणि ते दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहिलेलंही नाही.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिलं, घरी जाऊन नोंदणी पुस्तक उघडा. ‘इंधन : डिझेल’ आणि आत्ताचा इंजिन नंबर अशी नोंद असेल, तर आजोबांनी त्या वेळी मंजुरी घेतली होती. तुमची गाडी कायद्याने डिझेलचीच आहे. तो कागद इंजिनाइतकाच जपा. नोंद नसेल तर इंजिनाला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारा. नंतर विचारलं तर उशीर झालेला असतो. दुसरं, ब्रेकचे चारही ड्रम, स्टिअरिंग, पुढचे किंगपिन आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासून घ्या. फुफाट्यात फिरवत असाल तर एअर क्लीनरमधलं ऑइल वरचेवर बदला, कारण डिझेल इंजिन तेलाअभावी मरतं त्याहून जास्त धुळीने मरतं. डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून पळवू नका, गिअर तुटतील. आणि तिसरं, ज्याने हे इंजिन बसवलं तो मिस्त्री हयात असेल, तर या रविवारी त्याच्याकडे जा. प्लेट कुठे केली, पाटा कुठला घातला, कुठलं इंजिन कुठून आणलं, हे सगळं वहीत उतरवून घ्या, तारखेसह.

मग विकायचं की नाही ते ठरवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दरही बाजारावर सोडला, पेट्रोलशी असलेला फरक घटला. ज्या कारणाने हे इंजिन बसलं ते कारण आता उरलेलं नाही, हे खरंय. म्हणूनच विकली तरी ती वही गाडीबरोबर द्या, आणि एक प्रत घरी ठेवा. मला विचाराल तर मी ते इंजिन काढणार नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.