दोन पेन्सांचा वाद

'१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता,' असे कोणी ना कोणी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास हमखास सांगतो आणि ऐकणारे हळहळतात. विधान सुखावणारे असले, तरी खरे नाही. त्या काळी रुपया बांधलेला होता तो ब्रिटिश पौंडाशी. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. पौंडामार्फत हिशेब केला, तर एका डॉलरला सव्वातीन रुपयांहून थोडे अधिक. हा चमत्कारिक आकडा आला कोठून, याची कथा मात्र त्या दंतकथेपेक्षा अधिक उद्बोधक आहे.

पौंडाचे शिलिंग वीस आणि पेन्स दोनशे चाळीस. रुपया १८ पेन्सांचा मानला, म्हणजे वरील आकडा निघतो. १६ पेन्सांचा मानला, तर पौंडाला बरोबर १५ रुपये होतात. या दोन पेन्सांवरून १९२६-२७ मध्ये आपल्याकडे जे रण माजले, त्याचे मूळ मागील शतकात आहे.

१८३५ च्या कायद्याने रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी ठरली. चांदीचा भाव स्थिर होता तोवर रुपया दोन शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेन्सांच्या आसपास राहिला. १८७० नंतर जर्मनीसह अनेक देश सुवर्णचलनाकडे वळले, चांदी घसरली आणि तिच्यासोबत रुपयाही. १८९२-९३ मध्ये तो सुमारे १५ पेन्सांवर आला. इंग्लंडात पाठवावयाचा 'होम चार्जेस'चा खर्च पौंडांत आणि सरकारी वसूल रुपयांत, अशा कात्रीत सरकार सापडले. तेव्हा जून १८९३ मध्ये टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद झाली. नाण्यांची टंचाई करून रुपया चढविण्यात आला आणि १८९८ च्या सुमारास तो १६ पेन्सांवर स्थिरावला.

पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली आणि ही घडी विस्कटली. १९२० मध्ये सरकारने रुपया दोन शिलिंगांवर धरून ठेवण्याचा अट्टाहास केला. तो काही महिन्यांतच फसला. पुढे रुपया १८ पेन्सांपर्यंत आला, तेव्हा हाच भाव कायम करावा, अशी शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये केली. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी मात्र १६ पेन्सांचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली.

दोन पेन्सांचा अर्थ एका साध्या हिशेबाने कळतो. शंभर पौंडांचा कापूस परदेशी विकला, तर १६ पेन्सांच्या भावाने १५०० रुपये हाती येत. १८ पेन्सांच्या भावाने १३३३ रुपये ५ आणे ४ पै. वऱ्हाड-खानदेशातील कापूसवाल्याचा शेतसारा आणि सावकाराचे कर्ज मात्र रुपयांतच ठरलेले. त्यात दमडीचीही सूट नव्हती. याउलट सरकारला लंडनची देणी फेडायला कमी रुपये लागत आणि विलायती माल येथे स्वस्त पडे. म्हणून गिरणीमालकांपासून राष्ट्रीय पुढाऱ्यांपर्यंत अनेकांनी १६ पेन्सांची बाजू घेतली.

या गदारोळात एक वेगळा सूर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला होता आणि या आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. हुंडणावळीचा दर स्थिर राहण्यापेक्षा देशांतर्गत रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहणे त्यांना महत्त्वाचे वाटे. रुपया स्वस्त केला की वस्तूंचे भाव वाढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे व्यापाऱ्याचा लाभ श्रमिकाच्या खिशातून जातो, हे त्यांनी दाखविले. दर १८ आणि १६ पेन्सांच्या दरम्यान, परंतु १८ च्या अधिक जवळ असावा, असे त्यांचे मत होते. 'देशाचे हित' या शब्दांआड कोणत्या वर्गाचे हित आहे, हे तपासण्याची ही दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती.

अखेर १९२७ च्या चलन कायद्याने, विधिमंडळात अल्प मताधिक्याने, १८ पेन्सांचा दर कायम झाला. दोनच वर्षांनी जागतिक मंदी आली आणि शेतमालाचे भाव कोसळले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, तरी रुपया पौंडाला त्याच दराने बांधलेला राहिला. सोन्याचा भाव चढताच खेड्यापाड्यांतील गांजलेल्या कुटुंबांचे दागिने बाजारात आले आणि सोन्याचा ओघ देशाबाहेर सुरू झाला.

विशेष हे, की ज्या दराविरुद्ध एवढा लढा झाला, तो स्वातंत्र्यानंतरही टिकला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा आपणही तितकेच केले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या घरात गेला, पण पौंडाचा दर तोच राहिला. तो बदलला ६ जून १९६६ रोजी. त्या दिवशी डॉलर साडेसात रुपयांचा आणि पौंड २१ रुपयांचा झाला.

रुपयाचा दर चढला की अभिमान आणि उतरला की अपमान वाटावा, अशी आपली सवय झाली आहे. परंतु १९४७ चा रुपया 'भारी' होता तो परकीय राज्यकर्त्यांनी ठरविलेल्या भावाने, आणि त्या भावाचा भार कापूस पिकविणाऱ्याने सोसला होता. म्हणून रुपया किती पेन्सांचा वा किती डॉलरचा, हे विचारताना तो दर कोणी ठरविला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारणे अगत्याचे आहे.