जेऊरची दोन मिनिटं

राहात्यातून ध्रुव पाहायचा तर शिर्डीच्या उजेडावरून पाहावा लागतो. शिर्डी आमच्या जवळजवळ बरोबर उत्तरेला, पाच-सहा किलोमीटरवर. आमचा अक्षांश 19.7, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या की वरच्या मुठीच्या टोकाशी तो असतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात रात्रभर दिव्यांचा पिवळट धूसर थर पसरलेला असतो.

माझा फोटोचा स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, मी चालवतो. लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो. शटर दहाला उघडतं. त्याआधीचे दोन तास मी गच्चीवर सूर्याचे फोटो काढतो, कारण नंतर स्लॅब तापतो, शेजारचे पत्रे तापतात आणि कॅमेऱ्यात सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलायला लागते.

दुर्बिणीचं माउंट विकत घेतलं तेव्हा त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा स्क्रू पंचवीस अंशांच्या खाली येईना. ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर युरोपातलं आकाश असावं. ओळखीच्या सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घेतले आणि दक्षिणेकडच्या दोन पायांखाली सारले. ट्रायपॉड उत्तरेकडे झुकला, अक्ष खाली आला. उत्तर-दक्षिण रेघ मात्र सूर्याकडूनच काढून घेतली. गच्चीवर ओळंब्यात काठी उभी केली, तिच्याभोवती वर्तुळ आखलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकलं आणि दुपारनंतर पुन्हा जिथे टेकलं, त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. शुल्बसूत्रांच्या काळापासून ही रीत आपल्याकडे आहे. तिला काटकोनात मारलेली माझी रेघ लाल ऑइलपेंटची आहे आणि दर पावसाळ्यानंतर मी ती नव्याने ओढतो.

उरलेली चूक सूर्यावरचा डागच दाखवतो. एखादा डाग स्क्रीनवरच्या आडव्या रेघेवर आणायचा, मोटर चालू ठेवायची आणि पाहत बसायचं. सूर्य माथ्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेत असताना डाग रेघेच्या वर किंवा खाली सरकला तर माउंट डावी-उजवीकडे चुकलंय. सकाळी पूर्वेला असताना सरकला तर उंची चुकलीय. चिमूटभर स्क्रू फिरवायचा, पुन्हा दहा मिनिटं बसायचं. दहा मिनिटं डाग रेघेवरून हलला नाही की मला फार बरं वाटतं.

ही बैठक करताना मला नेहमी जेऊर आठवतं. पहिल्यांदा वाचलं की 1898 साली जगभरातले खगोलशास्त्रज्ञ जेऊरला जमले होते, तेव्हा वाटलं आपलंच जेऊर, नगर तालुक्यातलं, बायजाबाईचं. ते नव्हे. हे करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं जेऊर. 22 जानेवारी 1898, पौष अमावास्या, शनिवार. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून शिरला आणि कऱ्हाड, जेऊर करत वऱ्हाडाकडे गेला. राहात्याला ते खंडग्रासच दिसलं असणार. पुण्यात प्लेगचे दिवस होते, आदल्याच वर्षी रँडचा खून झाला होता, दुष्काळाची झळही ताजी होती. अशा काळात त्या माळावर दुर्बिणी उभ्या राहत होत्या.

त्यांतल्या एका पथकाचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म 1857 चा, मुंबईचे पारशी, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक. हेच कॉलेज पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालं. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारनं तेवढीच भर घातली आणि 1888 मध्ये पुण्यात महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिथली डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. जेऊरला नायगमवालांनी खग्रास स्थितीतल्या सूर्याचे वर्णपट टिपले आणि त्या मोहिमेचा सविस्तर अहवाल 1902 मध्ये छापून प्रसिद्ध केला. आपल्या मातीत, आपल्याकडच्या माणसानं, आपल्या कॉलेजातून नेलेल्या यंत्रांनी केलेलं हे काम आहे. ते शाळेच्या पुस्तकात नाही याचं मला वाईट वाटतं.

ग्रहणाचा विषय निघाला की आपल्याकडे विजयदुर्ग आणि हेलियम एवढंच निघतं. तेही गोंधळून. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते नॉर्मन लॉकयर 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाच्या वेळी विजयदुर्गावर नव्हते. सूर्याच्या कडेच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला ते आले 1898 मध्ये, जेऊरच्याच ग्रहणाला, आणि मेल्पोमेनी या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. किल्ल्याचं महत्त्व यानं तसूभरही कमी होत नाही. फक्त तारीख बरोबर सांगावी.

नायगमवालांच्या शेजारी जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. त्यांच्याकडचा कॅमेरा चाळीस फूट लांब. एवढी नळी सूर्यामागे फिरवणार कशी? त्यांनी ती फिरवलीच नाही. ग्रहणाच्या घटकेला सूर्य कुठे असेल ते गणितानं काढून नळी तिकडे रोखून पक्की बांधली आणि आत फोटोची काच घड्याळी यंत्रावर सरकवली. मी आकडेमोड करून पाहिली. चाळीस फुटांवर सूर्याचं बिंब साधारण साडेचार इंचांचं पडतं आणि सेकंदाला पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त सरकतं. तेवढ्याच वेगानं काच सरकली पाहिजे. जरा मागे-पुढे झाली की प्रभामंडलाचे धागे पुसट. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास, नंतर पुन्हा संधी नाही. मला डागासाठी दहा-दहा मिनिटं मिळतात, उद्याही मिळतात. त्यांची सगळी जुळवणी आधीच्या कित्येक दिवसांत झालेली होती.

याच पट्ट्यात पुढे वऱ्हाडातल्या तळणी स्टेशनाजवळ खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर होत्या. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग दीड इंचाचं, म्हणजे माझ्या लग्नाच्या लेन्सपेक्षाही लहान. त्या एवढ्याशा भिंगानं त्यांनी प्रभामंडलाचा असा लांब झोत पकडला, जेवढा लांब तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

आता दुसरं काम, फोटो एकावर एक रचण्याचं. स्टॅकिंग म्हटलं की लोकांना वाटतं कॉम्प्युटरनं काढलेली युक्ती. प्रभामंडल सूर्याजवळ लखलखीत आणि दूर अगदी फिकं असतं. कमी वेळ उघडलेल्या काचेवर आतला भाग येतो, जास्त वेळ उघडलेल्या काचेवर बाहेरचा. एका काचेवर दोन्ही येत नाहीत. 12 डिसेंबर 1871 चं खग्रास ग्रहण दक्षिण भारतात, बेकल आणि उटीजवळच्या दोड्डबेट्टाला टिपलं गेलं. त्या निगेटिव्ह लंडनला गेल्या आणि विल्यम वेस्ली या खोदचित्रकारानं काच-काच भिंगाखाली धरून, जे जिथे खरं दिसतं ते तिथून घेत, एकच चित्र हातानं काढलं. स्टॅकिंगच होतं ते. निवड त्याची, जुळणी त्याची, आणि कष्ट किती असतील ते रिटचिंग केलेल्या माणसाला विचारा.

माझे वडील रिटचिंग करायचे. डार्करूममध्ये मे महिन्यात डेव्हलपरच्या ट्रेखाली बर्फ ठेवायचे, कारण गरम पाण्यात जिलेटीन फुगतं आणि काठाला सुरकुतून सुटतं. ग्रुप फोटोत एखाद्याचे डोळे मिटले की दुसऱ्या निगेटिव्हमधून त्याचं डोकं छापून बसवायचे, जोड दिसू द्यायचे नाहीत. मी सूर्याचा व्हिडिओ घेतो. दोन हजार फ्रेम, त्यांतल्या हवा क्षणभर स्थिर झालेल्या दोनशे निवडायच्या, डागावर डाग बसवायचे आणि सरासरी काढायची. दाण्यांचा गोंधळ फ्रेमच्या वर्गमुळाच्या पटीनं घटतो, दोनशे फ्रेमला चौदा पट. निवड सॉफ्टवेअर करतं; पण किती टक्के ठेवायच्या आणि धार किती काढायची हे मी ठरवतो. तिथे हात आवरला नाही तर सूर्यावर नसलेल्या जाळ्या दिसायला लागतात. वडील म्हणायचे, ‘‘जोड दिसला तर गिऱ्हाईक फसवल्यासारखं होतं.’’ मे 2024 मध्ये पृथ्वीच्या पंधरापट रुंद डागांचा समूह सूर्यावर आला होता, लडाखमधून तांबडं ध्रुवीय तेज दिसलं होतं. त्या समूहाचा माझा पहिला फोटो मी याच कारणासाठी पुसून टाकला. दुसरा मवाळ आहे, पण खरा आहे.

नायगमवाला निवृत्त झाले तशी 1912 मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली. वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली, पुढे कित्येक वर्षांनी लेहलाही नेली गेली. पुण्यात 1944 साली हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, तोवर मधली तीसेक वर्षं गेली होती. मी एकदा मुद्दाम करमाळ्यावरून जेऊरला जाऊन आलो. स्टेशनच्या आसपास दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एक आजोबा म्हणाले, ‘‘गिऱ्हान लई पाहिली बाबा, पन साहेब आल्याचं काय ठावं नाय.’’ चहा मात्र त्यांनीच पाजला. मी होकायंत्र काढून स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत उत्तर पाहिली आणि जानेवारीतल्या भर दुपारी सूर्य कुठे असेल तिकडे हात करून त्यांना दाखवलं. तेही हात कपाळावर धरून तिकडे बघत राहिले.

2 ऑगस्ट 2027 ला संध्याकाळी खंडग्रास ग्रहण आहे. सूर्य पश्चिमेला कललेला असेल, म्हणजे उंचीची चूक आधीच काढून ठेवायला हवी. श्रावणाच्या तोंडावरचे ढग असणारच. बाभळीचा एक ठोकळा तडकलाय, तो त्याआधी बदलून घ्यायचा आहे.