भिगवणचं पाणी आणि साईक्सचा माळ

हिवाळा सरत आला की शाळांच्या सहली भिगवणला येऊ लागतात. डिकसळ किंवा कुंभारगावच्या काठावरून नावेत बसायचं, एकच दुर्बीण तीस हातांतून फिरवायची, गुलाबी पंखांचे रोहित पक्षी उडाले की फोटो काढायचे आणि परतायचं. मीही कितीतरी वेळा असाच परतलो आहे. आपली नाव कशावरून चालली आहे हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. खाली शेतं आहेत, विहिरी आहेत, गावांची जुनी ठिकाणं आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ तर पाणी उतरलं की आजही वर डोकावतं.

म्हणजे आपण पाहतो ती पाणथळ जागा १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाची देणगी आहे. त्याआधी इथे भीमा होती, उन्हाळ्यात रोडावणारी. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून अधिक, जवळजवळ ६३ टीएमसी, मृतसाठा म्हणून धरलेलं आहे. वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, पाणी या मृतसाठ्याच्या रेषेखाली गेलेलं असतं. शेतीसाठी पाणी सुटतं तसा फुगवट्याचा काठ मागे सरतो आणि सपाट, उथळ चिखल उघडा पडतो. रोहितला हवा असतो तो नेमका हाच. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून चिखलपाणी आत घेतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी पट्ट्यांतून बाहेर सोडतो. गाळून उरतात ते सूक्ष्म जीव आणि शेवाळ. पाणी खोल असलं तर हे जमत नाही. म्हणून ज्या वर्षी धरण फार काळ तुडुंब राहतं, त्या वर्षी रोहितांची वाट पाहावी लागते. अंडी घालायला ते इथे थांबत नाहीत. त्यांची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे. सलीम अली १९४५ साली ती पाहायला गेले होते.

मग पाणी येण्यापूर्वी या मुलखात पाहण्यासारखं काय होतं?

याचं उत्तर एका सरकारी नोकराच्या टिपणांत सापडतं. कर्नल विल्यम हेन्री साईक्स याला १८२४ साली मुंबई सरकारनं दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. गावं, पिकं, माणसं मोजणं हे त्याचं काम. ते करत हिंडताना तो प्राणी आणि पक्षीही टिपत गेला. टिपणं म्हणजे तेव्हा बंदुकीनंच! मारलेल्या पक्ष्याच्या पोटात काय निघालं तेही तो लिहून ठेवी आणि प्राण्याला मराठी लोक काय म्हणतात तेही. १८३१ साली त्यानं इथल्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ‘पॅलिपिस’, म्हणजे फिकट पायांचा, असं नाव दिलं. १८३२ साली त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. ओढ्याकाठचा आपला वंचक बगळा शास्त्राला त्याच यादीतून कळला. मोठ्या राखी सातभाईला त्यानं गव्हर्नर माल्कमचं नाव देऊन टाकलं. वरिष्ठांना खूश करण्याचा हाही एक मार्ग!

साईक्सच्या दख्खनचा मोठा भाग म्हणजे कमी पावसाचा गवताळ माळ. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरकडच्या माळाचा काही भाग हळूहळू उसाखाली गेला. माणसांचं त्यानं भलंच झालं, दुष्काळात हा कालवा म्हणजे जीव होता. पण जिथे पाणी पोचलं नाही त्या उरलेल्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणायला लागलो, ही मात्र चूक झाली. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावावीत, कारखाना काढावा, निदान कचरा तरी टाकावा, असं वाटू लागतं. धनगराला ती जमीन कधीच पडीक वाटली नाही. त्याच्या मेंढ्या तिथे चरतात आणि मेंढ्यांमागून लांडगा येतो. कळपातली एखादी मेंढी जाते, धनगर शिव्या घालतो आणि पुढच्या वर्षी त्याच वाटेनं पुन्हा येतो.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं ते १९९७ साली, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पुढे २०२४ मध्ये वनविभागानं इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली.

पुढच्या सहलीत भिगवणला जाण्याआधी सकाळचे दोन तास कडबनवाडीसाठी काढून पाहा. मुलं कदाचित कुरकुरतील, कारण माळावर पहिल्या अर्ध्या तासात बहुधा काहीच दिसत नाही. लांडगा तर नशिबाचा भाग. पण गप्प उभं राहिलं तर मातीच्याच रंगाचा, डोक्यावर छोटा तुरा असलेला एक चंडोल पायाजवळून अचानक उडतो. त्याचंही पहिलं वर्णन साईक्सनंच केलं होतं, आणि त्याच्या नावात आजही साईक्स आहे.