घरगुती वाय-फाय व्याप्ती

घरातील सर्व खोल्यांत बिनतारी इंटरनेट सारख्याच भरवशाने मिळावे, यासाठी राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट व केबल यांची केलेली मांडणी. इंटरनेटचा प्लॅन फक्त दारापर्यंतचा वेग ठरवतो. आतल्या खोलीत त्यातले किती पोहोचेल हे भिंतींवर अवलंबून असते. त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० चा घेतला, तरी मागच्या बेडरूममधली रेंज आहे तशीच राहते.

वाय-फायचा आधार असलेले आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले. त्याचा कमाल वेग २ एमबीपीएस होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये घराबाहेरील वापरासाठीही खुले झाले. आजचे राउटर बहुधा दोन्ही पट्टे वापरतात. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची; ती भिंतींतून त्यातल्या त्यात बरी जाते. पण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच (१, ६ आणि ११), आणि मोठ्या सोसायटीत शेजारच्या सगळ्या फ्लॅटचे राउटर तिथेच गर्दी करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच लहरींवर चालतो, म्हणून तो सुरू असताना स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी आणि वेग जास्त, पण दोन भिंती ओलांडताना त्याचा जोर ओसरतो.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. हे आकडे ऋण असतात आणि दर १० ने खाली गेल्यावर ताकद एकदशांश होते. राउटरजवळ उणे ३० ते ४० आकडा दिसतो. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ८० च्या पुढे फोन जोडलेला दिसतो, पण काम होत नाही. लाकडी दार किंवा प्लायवूडचे पार्टिशन यात किरकोळ घट करते, विटांची भिंत त्याहून जास्त. आरसीसीचा स्लॅब, कोकण-गोव्याच्या घरांतील जाड जांभ्याच्या भिंती आणि जुन्या वाड्यांची दगडी बांधणी सिग्नल जवळजवळ गिळून टाकतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हेही मोठे अडथळे आहेत. फ्लॅटमध्ये राउटर आणि बेडरूम यांच्यामध्ये बाथरूम आले, तर टाइल्स, पाइप व ओल या तिघांतून लहरींना वाट काढावी लागते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी फोनवर डीबीएम दाखवणारे मोफत अ‍ॅप घेऊन, दारे नेहमीप्रमाणे लावून, प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहावा. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

पहिला उपाय फुकटचा, तो म्हणजे जागा बदलणे. फायबर जोडणारा माणूस केबल जिथून आत येते तिथेच, बहुधा मुख्य दाराशी, बॉक्स ठोकून जातो. फायबर बारीक असते. ते चौकटीच्या कडेने घराच्या मध्यापर्यंत सहज नेता येते, आणि त्याचा आग्रह जोडणीच्या दिवशीच धरावा. राउटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीमागे न ठेवता माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर मोकळा ठेवावा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मुख्यतः आडवा पसरतो. वरच्या मजल्यासाठी एखादी अँटेना आडवी करून पाहावी. अधिक अँटेनांचा महागडा राउटर मात्र अनेकदा निराशा करतो, कारण राउटरचा आवाज फोनपर्यंत गेला तरी फोनचा क्षीण आवाज परत यावा लागतो.

रिपीटर स्वस्त असतो, पण एकाच चॅनलवर ऐकून पुन्हा बोलत असल्याने वेग साधारण निम्मा होतो. मेश संच, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन बॉक्स, अधिक चांगला. फक्त दुसरा बॉक्स रेंज नसलेल्या खोलीत न ठेवता, चांगली रेंज आहे अशा मधल्या जागी ठेवावा लागतो. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल ओढून पलीकडे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग नेते. घरात पडलेला जुना राउटरही या कामी येतो: त्याचा आयपी पत्ता बदलावा, डीएचसीपी बंद करावे, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी आणि नाव-पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवावेत. कोणत्या बॉक्सला जोडायचे हे अखेर फोन ठरवतो, त्यामुळे तो कधी लांबच्या बॉक्सला चिकटून राहतो. अशा वेळी फोनचे वाय-फाय एकदा बंद-चालू करावे.

वीज गेल्यावर नेट टिकवायचे, तर फायबरचा बॉक्स, राउटर आणि प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट या सर्वांना बॅकअप लागतो; एकट्या राउटरला यूपीएस देऊन भागत नाही.

घर बांधताना किंवा रंगवायला काढताना लॅन केबलसाठी विजेच्या पाइपापासून वेगळा एक रिकामा पाइप प्रत्येक मजल्यावर आणि टोकाच्या खोलीपर्यंत जरूर टाकून घ्यावा. प्लॅस्टरनंतर तेच काम भिंत फोडून करावे लागते.