हात गेला, दिवा आला

खडकीतून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक थांबवताना ड्रायव्हर उजवा हात खिडकीबाहेर काढून कोपरापासून उभा धरी. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातलीच ही खूण! पण रात्री ती मागच्याला कशी दिसणार? १९८९च्या केंद्रीय नियमांत ब्रेकच्या लाल दिव्यांची तरतूद आहे. पुष्कळ ट्रकांत ब्रेकच्या नळीतील दाबाने स्विच जोडला जातो आणि दिवे लागतात.

दोन्ही दिवे लागेनात, की आपण आधी बल्ब बदलतो. त्यापेक्षा किल्ली चालू ठेवून स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडून पाहाव्यात. दिवे लागले, तर दोष स्विचचा. नाहीतर फ्यूज, बल्ब आणि ‘अर्थ’ तपासावे. विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच; जोडाला गंज चढला, की मंडल तुटते. गंमत अशी, की बाहेर काढलेला हात ड्रायव्हरला दिसे. विझलेला दिवा त्याला दिसत नाही.